यादीत चाळीस झाडे, जिवावर बेतणारी चार

एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा : घराभोवती सासऱ्यांनी तीस वर्षे जोपासलेली बाग आहे आणि पाच महिन्यांपूर्वी घरात आलेला एक कुत्रा आहे, जो आता आठ महिन्यांचा झाला असून दिसेल ते चावून पाहतो. गेल्या महिन्यात त्याने डायफेनबेकियाचे पान चघळले. लाळ गळू लागली, ओठ सुजले, दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. तो बरा झाला. पण भगिनींनी कुत्र्यांना विषारी असलेल्या झाडांची एक यादी मिळवली, तेव्हा बागेतली चाळीस झाडे तीत सापडली. ती सगळी काढून टाकावीत असे त्यांना वाटते. सासरे दुखावले आहेत. त्यांचे म्हणणे असे की काय खावे हे जनावराला उपजत कळते आणि आधीचा कुत्रा याच बागेत तेरा वर्षे सुखाने जगला. पतींचे म्हणणे, रोजच्या वादापेक्षा कुत्रा दुसऱ्या घरी दिलेला बरा. कुत्रा हल्ली खताच्या पोत्याभोवती फार घुटमळतो, असेही भगिनींनी ओघात लिहिले आहे. लिलीच्या कुंड्या बहिणीला देऊन टाकाव्यात असा त्यांचा विचार आहे, कारण बहिणीकडे कुत्रा नाही, मांजर आहे. बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमची धास्ती जाणवली आणि ती मला अनाठायी वाटली नाही, कारण दोन दिवस उपाशी पडलेले पिल्लू पाहिल्यावर कोणाचेही मन थाऱ्यावर राहणार नाही. दुसऱ्या वाचनात मात्र लक्षात आले की तुमच्या आणि तुमच्या पतींच्या मतांच्या बुडाशी एकच समजूत आहे : बाग आणि कुत्रा यांपैकी एकालाच या घरात जागा आहे. ही समजूत त्या यादीने तुमच्या मनात भरवली आहे. म्हणून आधी यादीविषयी बोलू.

अशा याद्यांमध्ये ‘विषारी’ हा एकच शब्द असतो आणि त्या एका शब्दाखाली जिभेची आग करणारे झाड आणि हृदय बंद पाडणारे झाड शेजारी शेजारी बसवलेले असते. तुमच्या कुत्र्याने चघळलेल्या डायफेनबेकियाचेच पाहा. त्याच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जुड्यांनी भरलेले असतात. पान दाताखाली चिरडले की त्या सुया ओठांत, जिभेत आणि घशात रुततात. वेदना तत्काळ होते, लाळ गळते, सूज येते, आणि त्या वेदनेमुळेच बहुतेक कुत्रे दुसरा घास घेत नाहीत. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली, कॅलेडियम आणि अळू ही सारी याच कुळातली असून त्यांची रीतही हीच आहे. सूज घशात उतरून श्वासाला अडथळा आला तर ती तातडीची बाब ठरते, पण असे क्वचित घडते. तुमच्या यादीतल्या चाळिसांपैकी नऊ नावे या एकाच कुळातली आहेत. ती झाडे उपटण्याची गरज नाही; ती उंचावर ठेवावीत, लोंबणारे वेल छाटावेत, एवढे पुरेसे आहे.

कोरफड, स्नेक प्लांट, ड्रसीना, क्रोटन यांचेही असेच समजा. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक जुलाब घडवतो. स्नेक प्लांटमधले सॅपोनिन पोट बिघडवते. त्रास होतो, जीव सहसा जात नाही. पॉइन्सेटियाला तुम्ही यादीवर दोनदा अधोरेखित केले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो : त्याच्या पानाने हवाई बेटांवर एक मूल दगावल्याची वदंता १९१९ साली उठली, ती कधी सिद्ध झाली नाही, आणि तरीही ते झाड शंभर वर्षांहून अधिक काळ जीवघेणे म्हणून मिरवत आहे. त्याचा चीक तोंडाची व पोटाची थोडी जळजळ करतो, इतकेच.

याउलट सदाफुली तुम्हाला निरुपद्रवी वाटते, कारण ती कुठेही उगवते आणि बारा महिने फुलते. तिच्यातल्या अल्कलॉइडांपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे तयार झाली. यांपैकी व्हिन्क्रिस्टिन कुत्र्यांच्या संसर्गजन्य अर्बुदावर पशुवैद्य आजही वापरतात. म्हणजे मोजून दिले तर तेच द्रव्य कुत्र्याला वाचवते आणि वाफ्यातली झुडपे ओरबाडून खाल्ली तर त्याला आजारी पाडते. म्हणून यादीतले नाव वाचून घाबरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : झाडाचा कोणता भाग, किती प्रमाणात, आणि किती वजनाच्या कुत्र्याने खाल्ला. चार किलोच्या कुत्र्याला जे भोवते ते तीस किलोच्या कुत्र्याला कदाचित जाणवणारही नाही.

आता तुमच्या सासऱ्यांच्या दोन मुद्द्यांकडे वळतो. त्यांचा पहिला मुद्दा मला मान्य नाही. गवत खाणाऱ्या कुत्र्याला आपण काहीतरी औषध शोधतो आहे असे मानतो, आणि त्यातूनच ‘जनावराला कळते’ ही समजूत पक्की होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वनस्पती खाणाऱ्या कुत्र्यांपैकी सुमारे ९ टक्केच कुत्रे खाण्याआधी वारंवार आजारी दिसत होते आणि सुमारे २२ टक्के नंतर नेहमी उलटी करत होते. बाकीचे निव्वळ सवयीने चरत होते, आणि त्यांत तरुण कुत्र्यांचे प्रमाण अधिक होते. शिवाय बागेत लावलेली निम्मी झाडे जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आणलेली असतात. त्यांच्याविषयीचे उपजत ज्ञान कुत्र्याला कुठून मिळणार? पिढ्यान्‌पिढ्या चरणारी गुरेसुद्धा नव्या कुरणात गेली की विषबाधेला बळी पडतात. त्यात कुत्रा घास चावत बसत नाही, गिळतो, आणि कडू चव जिभेला कळेपर्यंत पान पोटात पोहोचलेले असते.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र तुम्ही झटकून टाकू नये. आधीचा कुत्रा याच बागेत तेरा वर्षे राहिला, हा पुरावा आहे. फक्त तो काय सिद्ध करतो हे नीट पाहायला हवे. बहुतेक प्रौढ कुत्री बहुतेक झाडांना तोंड लावत नाहीत, एवढेच त्यातून दिसते. आठ महिन्यांचे पिल्लू जग तोंडाने ओळखते. चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात जाऊन कायमचे दात आलेले असतात आणि हिरड्यांची शिवशिव थांबली तरी चावण्याची सवय मागे उरलेली असते. एकटे पडलेले, कंटाळलेले तरुण कुत्रे बागेत जी नासधूस करते ती मोठेपणी पुष्कळ कमी होते. म्हणजे तुमची कसोटी तेरा वर्षांची नसून पुढच्या वर्ष-दीड वर्षाची आहे. ही गोष्ट सासऱ्यांशी बोलताना उपयोगी पडेल, कारण काही झाडे कायमची काढावी लागतील आणि पुष्कळशी केवळ काही काळ हलवावी लागतील, हा फरक त्यांच्यासाठी मोठा आहे.

कायमची काढायची कोणती? तुम्ही पाठवलेल्या नावांतली चार. साधी कण्हेर, पिवळी कण्हेर, सायकस आणि कुंपणालगत आपोआप उगवलेला एरंड. या चारांविषयी मी तडजोड सुचवणार नाही; सायकसपुरता एक नाइलाजाचा अपवाद पुढे सांगतो.

कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, बी यांपैकी काहीच सुरक्षित नाही. तिच्यातली ओलिअँड्रिनसारखी द्रव्ये हृदयाच्या पेशींतली सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण अडवतात. त्यामुळे ठोके मंदावतात किंवा बेताल होतात, रक्तातले पोटॅशियम वाढते, आणि मोजकीच पाने खाल्ली तरी मृत्यू ओढवू शकतो. पिवळ्या कण्हेरीत, जिला अनेक जण बिट्टी म्हणतात, हीच करणी थेव्हेटिन करते आणि तिच्या कठीण बियांत ते विशेष भरलेले असते. या विषावर प्रतिपिंडांचा उतारा आहे, पण तो सर्वत्र हाताशी मिळत नाही. झाड काढतानाची खबरदारी त्याहून महत्त्वाची, कारण ती हमखास विसरली जाते : वाळलेले कण्हेरीचे पान ताज्या पानाइतकेच घातक राहते आणि कडूपणा कमी झाल्यामुळे प्राणी ते अधिक सहज खातात. तेव्हा छाटलेल्या फांद्या कोपऱ्यात वाळत टाकू नयेत, कुत्र्याला उकरता येईल अशा खतखड्ड्यात घालू नयेत आणि जाळूही नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. हातमोजे घालून बुंधा मुळासकट काढावा, नाहीतर तो पुन्हा फुटतो. एवढे करेपर्यंत कुत्रा घरात बांधलेला असावा.

सायकसबद्दल सासरे सर्वांत हळवे असतील, हे मी जाणतो. ते झाड इतके सावकाश वाढते की तीस वर्षांचे सायकस म्हणजे त्यांच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा आहे. पण त्याला पाम म्हणत असले तरी ते पाम नव्हे, आणि त्याच्या सर्व भागांत सायकॅसिन असते. मादी झाडाला येणाऱ्या शेंदरी-तांबड्या बियांत ते सर्वाधिक असते; एकदोन बियांनीही कुत्र्याच्या जिवाला धोका पोहोचू शकतो, आणि चेंडूसारख्या त्या बिया कुत्री आवडीने चघळतात. या विषाची चाल कपटी आहे. काही तासांत उलट्या होतात, मग कुत्रा सावरल्यासारखा दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होत असल्याची लक्षणे उमटतात. उपचार मिळूनही पुष्कळ कुत्री यातून वाचत नाहीत. सासऱ्यांचे मन अगदीच तयार नसेल, तर एकच पर्याय मला दिसतो : झाडाच्या घेराच्या बरेच बाहेरून, पडलेली बीसुद्धा आतच राहील असे पक्के जाळीचे कुंपण, आणि बियांचा गेंद दिसताच तो काढून टाकण्याची जबाबदारी त्यांनी स्वतः घेणे. नर झाडाला बिया येत नाहीत हे खरे, पण त्याची पाने आणि बुंधाही विषारीच आहेत, म्हणून नर आहे या सबबीवर कुंपण टाळू नये.

एरंडावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात. एरंडाच्या बीतले रायसिन पेशींची प्रथिने घडवण्याची यंत्रणाच मोडते. बी न फुटता गिळले गेले तर कधी कधी ते तसेच बाहेर पडते, पण चावले गेले तर उलट्या, रक्ती जुलाब आणि पुढे अवयव निकामी होणे असा क्रम लागू शकतो. गुंजेच्या बीचीही हीच गत आहे. लक्षणे दिसायला अर्धा दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. आता खताच्या पोत्याकडे या. बियांतून तेल काढताना रायसिन तेलात उतरत नाही. ते मागे राहिलेल्या पेंडीत उरते, आणि पेंड नीट तापवून निर्विष केलेली नसेल तर तिच्यात ते कायम असते. एरंडीची पेंड हे बागेचे चांगले सेंद्रिय खत आहे. तिचा वास कुत्र्यांना खेचून घेतो, त्यातून हाडांच्या चुऱ्यात मिसळलेली असेल तर विचारूच नका, आणि कुत्रा पानासारखे एखादे तुकडे चघळत नाही तर वाटीभर पेंड फस्त करतो. तुमचा कुत्रा ज्या पोत्याभोवती घुटमळतो त्यात नेमके काय आहे, हे पत्र वाचून संपताच सासऱ्यांना विचारा. एरंडीची पेंड असेल तर तिला आजच घट्ट झाकणाच्या पिंपात घालून कुलपात ठेवा, आणि वाफ्यांत घातलेली असेल तर तिथे कुत्र्याला सध्या जाऊ देऊ नका. चाळीस झाडांच्या यादीत हे पोते कुठेच नव्हते. गोगलगाई मारण्याच्या गोळ्या आणि कीटकनाशके यांनाही हाच नियम लावा.

मधल्या पायरीवरची जी झाडे आहेत ती बहुतेक कुंड्यांत आहेत, हे तुमचे सुदैव. अडेनियम, कलांचो आणि पानफुटी यांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. त्यांच्या कुंड्या गच्चीवर किंवा कुत्रा पोहोचणार नाही अशा उंचीवर जाव्यात. धोतरा कुंपणालगत उगवला की फुलावर येण्याआधी काढावा, कारण त्याच्या बियांतले अॅट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन बुबुळे विस्फारून, तोंड कोरडे पाडून कुत्र्याला भ्रमिष्ट करतात. कळलावीचा कंद उकरला जाईल अशा जागी नको. त्यात कोल्चिसिन आहे. टणटणीची हिरवी, न पिकलेली फळे अधिक वाईट. आणि जांभळ्याची फिकट, फिकटाची पांढरी अशी रंग बदलणारी फुले येणारे ब्रुनफेल्सियाचे झुडूप बागेत असेल, जे तुमच्या यादीत मला दिसले नाही, तर त्याला वरच्या चारांच्या पंक्तीत बसवा, कारण त्याची फळे आणि बिया कुत्री हौसेने खातात आणि त्यानंतर येणारे झटके दिवसचे दिवस टिकू शकतात.

गुलाब, मोगरा, जास्वंद, अरेका पाम, स्पायडर प्लांट, सूर्यफूल, झिनिया यांच्याबद्दल निश्चिंत असा. काढलेल्या झाडांच्या जागी काय लावायचे हे सासऱ्यांना ठरवू द्या. किंबहुना मी आणखी एक सुचवतो. ही यादी घेऊन तुम्ही त्यांच्यासमोर उभ्या राहिलात, हीच मुळात चुकामूक झाली, कारण त्यांना ती आपल्या तीस वर्षांवरचा आरोप वाटली असणार. आता कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर बागेत फिरा आणि प्रत्येक झाडाचे नाव त्यांच्याकडून लिहून घ्या. केवळ सौजन्य म्हणून हे सुचवत नाही. कुत्र्याने काही खाल्ले की पशुवैद्याचा पहिला प्रश्न ‘कोणते झाड’ हाच असतो, आणि घरात त्याचे अचूक उत्तर देऊ शकणारा माणूस एकच आहे. लिली नावाची किती निरनिराळी झाडे असतात आणि पाम नावाची किती, हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

कुत्र्याच्या बाजूनेही काही करावे लागेल. निदान पुढचे काही महिने त्याला बागेत एकटे सोडू नका. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातली वस्तू टाकणे त्याला शिकवा, आणि टाकल्याबद्दल दर वेळी त्याहून आवडीचे काहीतरी द्या. ओरडून, मागे धावून वस्तू काढून घेतली तर तो पुढच्या वेळी ती घाईने गिळेल. चावायला हक्काची खेळणी आणि उकरायला हक्काचा एक वाफा मिळाला तर निम्मा प्रश्न सुटतो. पानांवर मारायचे कडू फवारे काही कुत्र्यांवर चालतात, काही चवीने चाटतात. त्यांच्यावर विसंबू नका.

आणि तरीही काही खाल्लेच तर? गेल्या महिन्यात त्याला मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न घरात झाला, असे तुम्ही लिहिता. हे पुन्हा कधीही करू नका. मिठाने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला जाऊन कुत्रा विषाऐवजी मिठाने मरू शकतो. तेल पाजले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. दुधाने कण्हेरीचे किंवा सायकसचे विष उतरत नाही. उलटी करवायची की नाही, कशाने आणि केव्हा, हे पशुवैद्यानेच सांगावे, कारण झटके येत असताना किंवा कुत्रा ग्लानीत असताना करवलेली उलटी श्वासनलिकेत जाते. तुम्ही करायचे ते असे की तोंडात उरलेला पाला काढून पाण्याने तोंड धुवावे, डायफेनबेकियाच्या बाबतीत तर बहुधा एवढेच लागते, आणि मग खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घेऊन, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचे वजन लिहून ताबडतोब निघावे. लक्षणांची वाट पाहू नये. पोटातले विष उलटीने किंवा औषधी कोळशाने अडवण्याची संधी पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत मोठी असते, आणि सायकस व एरंड यांची लक्षणे ती संधी हुकल्यावरच पुरती दिसतात. रात्री आणि सुटीच्या दिवशी कोणता पशुवैद्य उपलब्ध असतो, हे आजच चौकशी करून दारामागे लिहून ठेवा.

तुमच्या पतींना काय सांगावे? कुत्रा देऊन टाकण्याचा विचार त्यांनी वैतागून मांडला असावा असे मला पत्रावरून वाटते, आणि वैताग वादाचा आहे, कुत्र्याचा नाही. त्यांच्या हाती ठोस काम द्या : जाळीचे कुंपण, कुंड्यांसाठी उंच फळ्या, खताच्या पिंपाला कुलूप. हे सारे होईपर्यंतचे आठ-दहा दिवस कुत्र्याला बागेत फक्त साखळीला धरूनच न्यावे, आणि गरज पडल्यास तोंड आवळून बंद करणारी नव्हे तर जिच्यातून त्याला धापा टाकता आणि पाणी पिता येईल अशी टोपलीची मुसकी घालावी.

राहता राहिल्या लिलीच्या कुंड्या. तुमच्या वर्णनावरून ती खरी लिली आहे, कर्ण्यासारख्या मोठ्या फुलांची आणि कंदातून उगवणारी. तिने कुत्र्याचे पोट बिघडेल, उलट्या होतील, पण सहसा त्यापलीकडे काही होत नाही. मांजराची मूत्रपिंडे मात्र तीच लिली एक-दोन पाने खाल्ल्याने, अंगावर पडलेला पराग चाटल्याने, इतकेच काय फुलदाणीतले पाणी प्यायल्यानेसुद्धा काही दिवसांत निकामी करू शकते. बहिणीला त्या कुंड्या देऊ नका, आणि दिल्या असतील तर आधी तिला फोन करा. तुमच्या गच्चीवर, कुत्र्यापासून दूर, त्या निर्धास्त राहू शकतात.